एका मताची गोष्ट

‘‘संसदेत जाऊन काय बघायचं? भांडणं तर घरबसल्या टीव्हीवर दिसतात!’’

इंडस्ट्रियल व्हिजिटच्या शेड्यूलवर शेवटच्या दिवसापुढे ‘संसद भवन’ असं लिहिलेलं पाहून ही कॉमेंट कोणी मारली असेल? अस्मादिकांनीच! फॅक्टरी बघून झाल्यावर दिल्लीतल्या त्या मोकळ्या दिवसात मला सरोजिनी नगरच्या मार्केटला जायचं होतं आणि आमच्या विंगमधल्या निम्म्या मुलींचा तोच प्लॅन होता. पण सर ऐकेनात. ‘‘मशीन बघायलाच आलोय ना आपण? मग देशातलं सगळ्यात मोठं मशीन बघून जा,’’ असं म्हणून त्यांनी विषय संपवला. एका खासदारांच्या कार्यालयातून आमचे पास आधीच निघाले होते. मग काय, चला!

मित्रमैत्रिणींनो, पुढे जाण्याआधी दोन गोष्टी कबूल करून टाकते. पहिली, माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. सिव्हिक्स आम्ही इंग्रजीतून घोकलं आणि पेपर झाल्यावर विसरून गेलो. त्यामुळे ‘तारांकित प्रश्न’, ‘तहकुबी’, ‘गणपूर्ती’ हे शब्द मला या लेखासाठी बाबांना फोन करून विचारावे लागले. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पदरात घ्याव्यात!

दुसरी कबुली जरा अवघड आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मी मतदान केलं नाही. अठरा पूर्ण झाली होती, पण मतदार यादीत नावच नोंदवलं नव्हतं. फर्स्ट इयरची परीक्षा तोंडावर, नाशिकला जायला वेळ कुठे, आणि एका मताने असा काय फरक पडतो? माझी रूममेट मंचरची. ती १३ मे रोजी सकाळी वाकडेवाडीहून एसटी पकडून गावी गेली, मत दिलं आणि संध्याकाळी मेसच्या वेळेला परत आली. शाई लावलेलं बोट सगळ्यांना दाखवत फिरत होती. मी तिला म्हणाले, ‘‘एवढा आटापिटा कशाला? तुझ्या एका मताने सरकार पडणार आहे का?’’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

गोल आणि त्रिकोण

डिसेंबर २०२५. दिल्लीची थंडी, त्यात धुकं. आवारात शिरताना आधी नजरेत भरते ती आपल्या पुस्तकातली ओळखीची गोल इमारत. एडविन लुटियन्स आणि हर्बर्ट बेकर या दोघांनी तिचं डिझाइन केलं. १२ फेब्रुवारी १९२१ रोजी पायाभरणी झाली आणि १८ जानेवारी १९२७ रोजी उद्घाटन. व्यास ५६० फूट आणि बाहेरच्या व्हरांड्याला एकूण १४४ खांब. आमच्या ग्रुपमधल्या सिव्हिलच्या मुलाने खांब मोजायला सुरुवात केली होती, सुरक्षारक्षकाने त्याला पुढे ढकललं!

ही इमारत इंग्रजांनी त्यांच्या ‘कौन्सिल’साठी बांधली. लोकांचं राज्य आणायचं म्हणून नव्हे. पण तिच्यात पुढे काय काय घडलं बघा. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी इथल्याच प्रेक्षक गॅलरीतून बॉम्ब टाकला. ९ डिसेंबर १९४६ ला इथे घटना समितीची पहिली बैठक झाली. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री सत्तांतर झालं ते इथल्या सेंट्रल हॉलमध्ये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने तयार केलेली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली तीही इथेच. सप्टेंबर २०२३ पासून या इमारतीचं नाव ‘संविधान सदन’ झालं आहे.

तिच्या शेजारी नवीन इमारत, त्रिकोणी आकाराची. आकार त्रिकोणी का, तर प्लॉटच त्रिकोणी! आर्किटेक्ट बिमल पटेल. डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन आणि २८ मे २०२३ ला उद्घाटन. बांधकामाचं क्षेत्रफळ सुमारे ६४,५०० चौरस मीटर. आतल्या लाकूडकामासाठी सागवान नागपूरहून गेलं, हे कळल्यावर आमच्यातल्या वैदर्भीय मंडळींनी लगेच कॉलर ताठ केली.

नव्या लोकसभेत ८८८ खासदार बसू शकतात आणि राज्यसभेत ३८४. आता तुम्ही म्हणाल, लोकसभेत निवडून येतात ५४३ (आपल्या महाराष्ट्रातून ४८), मग एवढ्या खुर्च्या कशाला? तर राज्यांना मिळालेल्या जागा १९७१ च्या जनगणनेवर ठरल्या आणि नंतर घटनादुरुस्ती करून तो आकडा गोठवून ठेवला गेला. लोकसंख्या मात्र तेव्हाच्या दुपटीहून जास्त झाली. उद्या जागा वाढल्या तर बसायला जागा हवी. आपल्या भाषेत डिझाइन करतानाच मार्जिन ठेवलेलं आहे!

तो लोलक

आत गेल्यावर मी ज्याच्यासमोर खिळून राहिले ती वस्तू म्हणजे छतापासून टांगलेला एक प्रचंड लोलक. फूकोचा लोलक! फिजिक्सच्या पुस्तकात आपण ज्याच्यावर दोन मार्कांची टीप लिहिली होती तोच. २२ मीटर उंचीवरून टांगलेला, ३६ किलो वजनाचा. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने तो बनवला आहे.

थोडं फिजिक्स सहन करा. २२ मीटर लांबी धरली तर एक झोका पुरा व्हायला साधारण साडेनऊ सेकंद लागतात. पण गंमत झोक्यात नाही. तो ज्या रेषेत झुलतो ती रेषा आपल्याला हळूहळू फिरताना दिसते. खरं तर लोलक आपली दिशा धरून असतो आणि त्याच्याखालची जमीन, म्हणजे पृथ्वी, फिरत असते. ध्रुवावर ही रेषा एका दिवसात पूर्ण फेरी मारेल, विषुववृत्तावर अजिबात फिरणार नाही. मधल्या ठिकाणी किती वेळ लागेल ते अक्षांशाच्या साइनवर ठरतं. दिल्लीत एका फेरीला ४९ तास ५९ मिनिटं १८ सेकंद लागतात. हाच लोलक पुण्यात टांगला तर सुमारे ७५ तास लागतील (कॅल्क्युलेटरवर करून बघा).

मी दोन मिनिटं टक लावून उभी होते. काहीही फिरताना दिसलं नाही. सर मागून म्हणाले, ‘‘अगं, दोन मिनिटांत नाही कळत ते. तासभर थांबावं लागतं.’’ तेव्हा मला वाटलं सर फक्त लोलकाबद्दल बोलताहेत.

गॅलरीतला अर्धा तास

गॅलरीत जाण्याआधी तपासणीवर तपासणी. मोबाइल, बॅग सगळं बाहेर. तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर अतिरेकी हल्ला झाला तेव्हा नऊ जणांचा बळी गेला, त्यात बहुतेक सुरक्षा कर्मचारी होते आणि एक माळी होता. नव्या इमारतीतही १३ डिसेंबर २०२३ ला दोन तरुणांनी गॅलरीतून सभागृहात उड्या मारून धुराची नळकांडी फोडली. २०२४ पासून इथली सुरक्षा सीआयएसएफकडे आहे. गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, घोषणा तर सोडाच. एखाद्या कडक सरांच्या लेक्चरला बसल्यासारखे आम्ही गप्प बसलो.

खाली हिरव्या रंगाचं सभागृह. लोकसभा हिरवी, राज्यसभा लाल. नव्या लोकसभेची सजावट मोराच्या थीमवर आहे आणि राज्यसभेची कमळाच्या. समोर उंचावर अध्यक्षांचं आसन. त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. आसनासमोरच्या टेबलाजवळ बसलेले लोक भराभर लिहीत होते. ते प्रतिवेदक. दर पाच मिनिटांनी एक उठतो आणि दुसरा त्याची जागा घेतो, कारण सभागृहात बोललेला शब्दन् शब्द टिपायचा असतो. अध्यक्षांनी ‘कामकाजातून काढून टाका’ म्हटलं तरच तो शब्द वगळला जातो. खासदार आपापल्या भाषेत बोलू शकतात, मराठीतसुद्धा, आणि हेडफोनमधून भाषांतर ऐकू येतं. (माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची सोय!)

ठीक ११ वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. एका खासदारांनी त्यांच्या जिल्ह्यातल्या रेल्वेमार्गाबद्दल विचारलं, मंत्र्यांनी उत्तर दिलं, त्यावर आणखी दोघांनी प्रश्न विचारले. छान रंगत आली होती आणि तेवढ्यात कुठल्याशा मुद्द्यावरून घोषणा सुरू झाल्या. काही सदस्य अध्यक्षांच्या आसनापुढच्या मोकळ्या जागेत उतरले. अध्यक्षांनी दोन-तीनदा बसायला सांगितलं. मग म्हणाले, कामकाज १२ वाजेपर्यंत तहकूब. संपलं! अर्ध्या तासात आम्ही बाहेर.

‘‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’’ मी विजयी मुद्रेने म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, ‘‘आज लोकसभेत किती प्रश्नांची उत्तरं मिळाली असतील, सांग बघू.’’

‘‘दोन?’’

‘‘आज अडीचशे प्रश्न होते. उत्तरं त्या सगळ्यांचीच मिळणार.’’

जे टीव्हीवर दिसत नाही

पुण्याच्या ट्रेनमध्ये सरांनी आणि परत आल्यावर लायब्ररीतल्या पुस्तकांनी जे शिकवलं ते आता सांगते.

प्रश्न दोन प्रकारचे. ज्याच्यापुढे चांदणी छापलेली असते तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात उभं राहून द्यायचं आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे २० प्रश्न घेतात. दुसरे अतारांकित, दिवसाला २३० पर्यंत, त्यांची उत्तरं लेखी. प्रश्न किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि जास्त प्रश्न आले की चिठ्ठ्या टाकल्यासारखी लॉटरी निघते. गोंधळ होऊन तास वाया गेला तरी त्या दिवशीच्या प्रश्नांची लेखी उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवलेली असतातच. वाया जाते ती मंत्र्याला समोरासमोर उलटं विचारण्याची संधी, आणि तीच मोलाची असते. म्हणजे गोंधळाने काही बिघडत नाही असं नाही. लेखी परीक्षा झाली पण व्हायवा झाला नाही, तर विद्यार्थ्याला खरंच किती येतं हे कसं कळणार?

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. आपल्याकडे तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर मिळतं, ‘‘बघू, करू.’’ (हे होस्टेलबद्दल आहे असं कोणी समजू नये. बरं, समजलंत तरी चालेल.) मंत्रीही कधी कधी असंच म्हणतात, ‘माहिती गोळा करून सभागृहासमोर ठेवू.’ पण संसदेत या ‘बघू, करू’चा हिशेब ठेवणारी एक वेगळी समिती आहे, सरकारी आश्वासन समिती! दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते आणि नाही झालं तर समिती संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. अशी एक समिती आपल्या मेसच्या पोळ्यांसाठी असती तर!

आता कायदा कसा होतो ते. समजायला सोपं जावं म्हणून आपला फायनल इयरचा प्रोजेक्ट डोळ्यांसमोर आणा. विधेयक मांडणं म्हणजे सिनॉप्सिस सबमिट करणं. याला पहिलं वाचन म्हणतात. मग विधेयक समितीकडे जाऊ शकतं, तो आपला गाइड आणि रिव्ह्यू. नंतर सभागृहात एकेका कलमावर चर्चा आणि दुरुस्त्या, हे दुसरं वाचन. शेवटी संपूर्ण विधेयकावर मत, ते तिसरं वाचन. एवढं झाल्यावर हीच सगळी वरात दुसऱ्या सभागृहात. दोन्हीकडे पास झालं की राष्ट्रपतींची सही. दोन सभागृहांचं पटलंच नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते, पण विधेयकासाठी अशी वेळ आजवर फक्त तीनदा आली, १९६१, १९७८ आणि २००२ मध्ये.

राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. पैशांच्या विधेयकात मात्र शेवटचा शब्द लोकसभेचा असतो, राज्यसभेने १४ दिवसांत ते परत पाठवायचं. म्हणजे निवडणुकीत लोकांचा मूड एकदम बदलला तरी अर्धं यंत्र जुन्या अनुभवावर चालू राहतं. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांनी ‘डॅम्पिंग’ आठवावं.

आणि समित्या! खरं काम तिथे चालतं. १९९३ मध्ये, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना, खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या सुरू झाल्या. आता त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. तिथे कॅमेरे नसतात. त्यामुळे तिथे कोणी कॅमेऱ्यासाठी ओरडत नाही, विधेयक ओळीओळीने वाचलं जातं. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, पण तिने काय फरक पडतो याचं एक उदाहरण देते. डिसेंबर २००४ मध्ये माहिती अधिकाराचं विधेयक मांडलं गेलं तेव्हा ते फक्त केंद्र सरकारपुरतं होतं. (आपल्या महाराष्ट्राने स्वतःचा तसा कायदा त्याआधीच केला होता.) विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने ते राज्यांनाही लावा असं सुचवलं आणि मे २००५ मध्ये पास झालेल्या कायद्यात ते आलं. हा कायदा म्हणजे आपल्यासाठी काय? २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही सुद्धा या कायद्याखाली मागता येणारी माहिती आहे. आता पुढच्या सेमिस्टरला रिझल्ट लागल्यावर या समितीची आठवण काढा!

वाईट याचं वाटतं की समित्यांकडे जाणारी विधेयकं कमी होत गेली. १५व्या लोकसभेत दहातली सात विधेयकं समितीकडे गेली होती, १७व्या लोकसभेत (२०१९ ते २०२४) दहातली दोनसुद्धा नाहीत. गाइडला न दाखवता डायरेक्ट सबमिशन! असा प्रोजेक्ट चालतोही कधी कधी, पण चुका शेवटी एक्सटर्नलसमोर निघतात.

पैशांचं म्हणाल तर संसदेने कायदा केल्याशिवाय सरकार तिजोरीतला एक रुपया काढू शकत नाही आणि एक रुपया कर लावू शकत नाही. एखाद्या खात्याचं धोरण पसंत नसेल तर सदस्य ‘या खात्याची मागणी कमी करून एक रुपया करा’ असा कपात प्रस्ताव मांडू शकतात. खर्च झाल्यावर ‘कॅग’चा अहवाल येतो आणि लोकलेखा समिती तो तपासते. १९६७ पासून या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याची प्रथा आहे. म्हणजे हिशेब तपासणारा आपला मित्र नसावा, ही काळजी घेतलेली!

(होस्टेलवासीयांचा नेहमीचा प्रश्न : संसदेच्या कॅंटीनमध्ये अजून स्वस्तात जेवण मिळतं का? उत्तर : सबसिडी २०२१ मध्ये बंद झाली.)

आणि ते बटण

आता माझ्या वाक्याकडे येते.

एखाद्या प्रस्तावावर आधी आवाजी मतदान होतं. ‘हो’वाले हो म्हणतात, ‘ना’वाले ना म्हणतात, अध्यक्ष अंदाज सांगतात. कोणी तो मान्य केला नाही तर मतविभागणी. साडेतीन मिनिटं सगळ्या इमारतीत घंटा वाजते, कॅंटीनमध्ये असलेले, लायब्ररीत असलेले सगळे पळत येतात, मग दारं बंद. प्रत्येक सदस्याच्या जागेवर बटणं असतात, हिरवं ‘हो’साठी, लाल ‘ना’साठी, पिवळं तटस्थ राहण्यासाठी. जुन्या सभागृहात तर मताचं बटण आणि दुसरं एक बटण अशी दोन्ही एकाच वेळी दाबून धरावी लागत, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीचं बटण दाबायला हातच उरत नाही. प्रॉक्सी बंद! आपल्या अटेंडन्सला ही सिस्टिम बसवली तर काय होईल, या विचाराने मला घाम फुटला.

आता १७ एप्रिल १९९९. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर मतदान होतं. बाबा सांगतात की त्या दिवशी नाशिकच्या मेन रोडवर टीव्हीच्या दुकानांसमोर मॅच असल्यासारखी गर्दी होती. घंटा वाजली, दारं बंद झाली, बटणं दाबली गेली. ठरावाच्या बाजूने २६९. विरुद्ध २७०.

एका मताने देशाचं सरकार पडलं. लोकसभा बरखास्त झाली आणि काही महिन्यांत देशभर पुन्हा निवडणूक झाली.

‘‘तुझ्या एका मताने सरकार पडणार आहे का?’’ सरांनी ट्रेनमध्ये हा आकडा सांगितला तेव्हा समोरच्या बर्थवर माझी रूममेट बसली होती. ती काहीच बोलली नाही. फक्त आपलं बोट वर करून दाखवलं. शाई कधीच गेली होती, पण मला दिसली!

आता कोणी म्हणेल, ते खासदाराचं मत होतं, आपलं मत वेगळं. बरोबर आहे. पण त्या प्रत्येक बटणामागे एक मतदारसंघ असतो आणि त्या खुर्चीत कोण बसणार हे तिथल्या मतदारांनी ठरवलेलं असतं. माझ्या मतदारसंघातून खुर्चीवर बसलेल्या माणसाला मी निवडलंही नाही आणि नाकारलंही नाही. बटण दाबताना त्याच्या हातात माझा हात नव्हता.

आणि शेवटचा धक्का मला लायब्ररीत बसला. आपल्या देशात मतदानाचं वय आधी २१ होतं. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ६१वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि मार्च १९८९ पासून ते १८ झालं. मी आज वीस वर्षांची आहे. म्हणजे ही दुरुस्ती झाली नसती तर मला मतदानाचा हक्कच नसता! ज्या इमारतीला मी ‘भांडणं बघायची जागा’ म्हणाले, तिने मला तीन वर्षं आधी मोठं मानलं होतं. आणि मी परीक्षेचं कारण सांगून रूमवर झोपले होते.

मग काय केलं?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी नमुना ६ भरला. तुमच्यापैकी ज्यांचं नाव अजून यादीत नाही त्यांच्यासाठी माहिती देते, कारण ती मला कोणी दिली नव्हती. होस्टेलमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन पर्याय असतात, आपल्या गावच्या पत्त्यावर नाव नोंदवायचं किंवा होस्टेलच्या पत्त्यावर. होस्टेलच्या पत्त्यासाठी कॉलेजकडून आपण इथले विद्यार्थी असल्याचा बोनाफाइड दाखला जोडावा लागतो. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येतं. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरून वय मोजत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. म्हणजे अठरा पूर्ण झाली की वर्षभर थांबायची गरज नाही. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. एक असाइनमेंट कॉपी करायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागला.

ऑफिसमधल्या आणि होस्टेलच्या स्टाफला एक नम्र विनंती. जूनमध्ये अॅडमिशनच्या वेळी बोनाफाइडच्या खिडकीवर आमची रांग लागतेच. त्याच खिडकीवर ‘मतदार यादीत नाव आहे का?’ असा एक कागद लावला तर माझ्यासारखे अनेकजण वेळेवर जागे होतील.

सरोजिनी नगर राहूनच गेलं. स्वेटर मी इथेच फॅशन स्ट्रीटवर घेतला, जरा महाग पडला. पण तक्रार नाही. आता टीव्हीवर लोकसभेतला गोंधळ लागला आणि कॉमन रूममध्ये कोणी ‘‘बंद कर रे ते’’ म्हटलं की मला तो लोलक आठवतो. दोन मिनिटं बघून ‘काहीच हलत नाही’ म्हणणारी मीही होते. पण तो हलतो, आपण उभे असलेल्या जमिनीसकट. फक्त जरा थांबून बघावं लागतं आणि आपली पाळी आली की बोटाला शाई लावून घ्यावी लागते.

पुढच्या निवडणुकीला वाकडेवाडीहून मंचरची एसटी सुटेल तेव्हा नाशिकच्या एसटीत मी असेन. जागा धरून ठेवते, या!